‘ज्वलंत आणि वादग्रस्त प्रश्न’ इंग्रजीत कसा लिहायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका संस्थेसाठी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर इंग्रजीत रिपोर्ट लिहिताय, त्यात ‘बर्निंग अँड कॉन्ट्रोव्हर्शियल इश्यू’ बऱ्याच ठिकाणी आलं, तपासणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारली, मग तुम्ही थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडलात तर वेक्स्ड, थॉर्नी, नॉटी, कंटेन्शस, इन्ट्रॅक्टेबल, मूट, डिबेटेबल अशी रांगच लागली, आणि आता विचारताय की यातला सगळ्यात चांगला शब्द कुठला, आणि कुठे कुठला वापरायचा याचा काही नियम आहे का.

मी बरीच वर्षं इंग्रजी पेपरच्या डेस्कवर काढली आणि आता मराठीतून इंग्रजीत जाणारे अहवाल, निवेदनं, कोर्टाची कागदपत्रं तपासायचं काम करते, त्यामुळे ही लाल रेघ मी स्वतः भरपूर मारलेली आहे. ती का मारतात ते आधी सांगते. मराठीत आपण ‘ज्वलंत’, ‘वादग्रस्त’, ‘चिघळलेला’, ‘गंभीर’ हे शब्द जोर यावा म्हणून लावतो, एकाच्या जागी दुसरा टाकला तरी वाचणाऱ्याचं फारसं काही अडत नाही. इंग्रजीतले हे शब्द थिसॉरसमध्ये शेजारी शेजारी बसलेले असले तरी प्रत्येक जण वेगळी बातमी देतो. एक सांगतो की दोन्ही बाजू हटायला तयार नाहीत, दुसरा सांगतो की याला कोणी हातच लावायला तयार नाही, तिसरा सांगतो की याचं उत्तर शोधायला गेलं की नवीन प्रश्न तयार होतो, आणि चौथा तर सांगतो की हा प्रश्न आता संपलाय, उगाच वेळ घालवू नका. म्हणून मी लेखकाला पहिली विचारते ती गोष्ट म्हणजे, हे नेमकं कुठे अडलंय आणि कोणी अडवलंय. याचं उत्तर आलं की शब्द आपोआप सापडतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा विशेषणाची गरजच राहत नाही.

आता कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. वाचणारा कोण, वकील की पत्रकार की फंडिंग देणारी परदेशी संस्था. इंग्रजी कुठलं, ब्रिटिश, अमेरिकन की आपलं भारतीय. आणि तुम्ही त्या वादात एक बाजू आहात की बाहेरून लिहिताय. या तीन गोष्टी बदलल्या की माझं उत्तरही बदलतं, त्यामुळे खाली जे लिहितेय ते ‘तटस्थ रिपोर्ट, भारतीय वाचक, पण बाहेरचाही कोणी वाचेल’ असं धरून.

आधी तुमचे दोन शब्द. ‘बर्निंग’ भारतीय इंग्रजीत अगदी रुळलेला आहे, अग्रलेखात ‘बर्निंग इश्यू’ चालून जातो. पण बाहेर ‘बर्निंग क्वेश्चन’ म्हटलं की हल्ली लोकांना वाटतं, कोणाला तरी काहीतरी विचारायची फार घाई झालीय, म्हणजे सिरीयलमध्ये पुढे काय होणार छापाची उत्सुकता. ज्वलंत म्हणजे तातडीचा असं म्हणायचं असेल तर ‘अर्जंट’ किंवा ‘प्रेसिंग’ म्हणा, पण मग स्वतःला विचारा की 1956 पासून चाललेल्या गोष्टीला अर्जंट म्हणताना आज नेमकं काय घाईचं आहे, आणि ते असेल तर तेच लिहा ना, मराठी शाळा, परिपत्रकांची भाषा, जे काय असेल ते.

‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ची अडचण वेगळी. तो इतका वापरला गेलाय की त्यातून काही कळतच नाही. ‘कॉन्ट्रोव्हर्शियल इश्यू’ला तर जुन्या डेस्कवरचे लोक हसायचे, कारण वाद नसता तर तो इश्यू झालाच नसता. दुसरं म्हणजे माणसाला किंवा निर्णयाला ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ म्हटलं की त्याला हलकासा वास येतो, काहीतरी काळंबेरं असावं असा, आणि तो वास कुठून आला हे वाक्यात कुठेच नसतं. कोणाचा आक्षेप आहे आणि कशावर, एवढं लिहिलं की काम होतं.

आता त्या रांगेतले कामाचे शब्द. ‘वेक्स्ड’ हा लॅटिन ‘वेक्सारे’वरून आलाय, म्हणजे हलवणं, छळणं. ‘वेक्स्ड क्वेश्चन’ म्हणजे ज्यावर पिढ्यान्पिढ्या डोकी फोडून झाली, दोन्हीकडून युक्तिवाद सगळे मांडून झाले आणि तरी हाताला काही लागलं नाही असा प्रश्न. त्यात दम लागल्याची भावना आहे, आणि शब्द तटस्थ आहे, कोणाची चूक ते सांगत नाही. म्हणून सीमाप्रश्नाला तो बसतो. ‘थॉर्नी’ थोडा लहान कामाचा. मोठ्या विषयातला एखादा तुकडा, जिथे हात घातला की टोचतं, तिथे तो शोभतो, उदाहरणार्थ गावं अदलाबदल झाली तर तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता कोण धरणार, हा ‘थॉर्नी’. ‘नॉटी’ म्हणजे गाठींचा, यात भांडण असेलच असं नाही, नुसता तांत्रिक गुंता असू शकतो (खोडकर वाला ‘नॉटी’ वेगळा, पण बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात म्हणून भाषणात मी तो टाळायला सांगते). ‘फ्रॉट’मध्ये भावना ताणलेल्या असतात, बोलताना जपून बोलावं लागतं. ‘कंटेन्शस’ म्हणजे भांडण लावणारा, पण हा माणसालाही लागतो आणि मग अर्थ होतो भांडकुदळ, तेव्हा ‘कंटेन्शस लीडर’ असं कोणाबद्दल लिहिण्याआधी विचार करा.

‘इन्ट्रॅक्टेबल’ मात्र जपून. त्याचा अर्थ नुसता अवघड असा होत नाही, हा सुटण्यातला नाहीच असा होतो. बाहेरच्या माणसाने तो वापरला की तो निदान करतो, आणि वाचणारा मनातल्या मनात फाइल बंद करतो. आहे ती स्थिती तशीच राहावी असं जो पक्ष म्हणतो त्याला हा शब्द आवडतो, ज्याला बदल हवाय त्याला नाही. तुमची संस्था तोडगा सुचवणार असेल तर स्वतःच्याच रिपोर्टच्या पहिल्या पानावर ‘इन्ट्रॅक्टेबल’ लिहिणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

‘मूट’वर जरा जास्त थांबते कारण यात खरंच नुकसान होतं. मूळ जुन्या इंग्रजीत ‘गेमोट’ म्हणजे सभा, त्यामुळे ‘मूट पॉइंट’ म्हणजे सभेत मांडून चर्चा करावी असा मुद्दा. लॉ कॉलेजात मूट कोर्ट असतं ते यातूनच, खोटा खटला, खरा युक्तिवाद. ब्रिटिश वापरात आणि आपल्याकडच्या जुन्या वकिलांच्या बोलण्यात अजूनही ‘मूट क्वेश्चन’ म्हणजे खुला, वाद घालण्याजोगा प्रश्न. अमेरिकेत गाडी उलट्या दिशेला गेली, ज्याच्यावर नुसती चर्चाच होऊ शकते, प्रत्यक्षात काही फरक पडत नाही, तो ‘मूट’. उदाहरण अगदी स्वच्छ आहे. डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड नावाचा 1974 चा खटला, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधल्या प्रवेशधोरणाविरुद्ध एका गोऱ्या विद्यार्थ्याने केलेला. खालच्या कोर्टाच्या आदेशावर त्याला प्रवेश मिळालेला होता, आणि प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ऐकेपर्यंत तो शेवटच्या वर्षाला पोचला. कोर्ट म्हणालं, हा आता डिग्री घेऊन बाहेर पडणार, निकाल काहीही दिला तरी याला फरक पडत नाही, तेव्हा खटला ‘मूट’. वंश बघून प्रवेश द्यायचा का हा मुख्य प्रश्न जिवंतच होता, बहुमताने त्याला हात लावला नाही. म्हणजे देशभर ज्याच्यावर भांडण चालू आहे ती गोष्टसुद्धा कोर्टाच्या भाषेत ‘मूट’ होऊ शकते.

आपल्या कोर्टांमध्ये त्या जागी बहुतेक वेळा दुसरा शब्द येतो, ‘इन्फ्रक्चुअस’. याचिका इन्फ्रक्चुअस झाली म्हणून निकाली काढली, हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. बाहेरचे लोक हा शब्द ऐकून चक्रावतात, पण आपल्याकडे शिपायापासून न्यायमूर्तींपर्यंत सगळ्यांना तो माहीत. तेव्हा तुम्ही ‘द बॉर्डर इश्यू इज मूट’ असं लिहिलंत, तर नाशिकचा म्हातारा वकील वाचेल ‘प्रश्न खुला आहे’ आणि न्यूयॉर्कचा फंडर वाचेल ‘प्रश्न संपला’. इतका उलटा अर्थ होत असेल तर शब्द कशाला वापरायचा, सरळ ‘अनसेटल्ड’ किंवा ‘अनडिसायडेड’ म्हणा.

अशाच अजून दोन-तीन फसव्या जागा, पटकन सांगते. ‘आर्ग्युएबल’ म्हणजे वादग्रस्त असं बरेच जण समजतात, पण ‘इट इज आर्ग्युएबल दॅट’ म्हणजे असं म्हणायला जागा आहे, आणि ‘आर्ग्युएबली’ म्हणजे तर बहुतेक असंच आहे असं म्हणता येईल. कोर्टात ‘आर्ग्युएबल केस’ ही चांगली गोष्ट आहे, म्हणजे ऐकून घेण्यालायक केस. ‘डिबेटेबल’ मात्र नाक मुरडतो, बोलणाऱ्याला ते पटलेलं नाही. ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे संशयास्पद, त्याला चौकशीचा वास. आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘वेक्स्ड’ऐवजी ‘वेक्सेशस’. वेक्सेशस म्हणजे दुसऱ्याला छळायला म्हणून केलेलं. आपल्या राज्यात त्या नावाचा कायदाच आहे, महाराष्ट्र व्हेक्सेशस लिटिगेशन (प्रिव्हेन्शन) अ‍ॅक्ट, 1971, जे लोक सवयीने खोट्या केसेस टाकत सुटतात त्यांना आवरायला. आता विचार करा, महाराष्ट्र सरकारने 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावलाय आणि त्या संदर्भात तुम्ही ‘धिस वेक्सेशस मॅटर’ लिहिलंत, तर तुम्ही नकळत कर्नाटकाच्या वकिलाचं काम केलंत.

मग येतो नेत्यांचा भाग, म्हणजे प्रश्न अवघड आहे म्हणून अडलाय की कोणाला तो सोडवायचाच नाहीये. यासाठी इंग्रजीत चित्रं भरपूर आहेत आणि त्यातलं प्रत्येक वेगळं वागणं दाखवतं. ‘हॉट पोटॅटो’ म्हणजे एका खात्याने दुसऱ्या खात्याकडे ढकलायचं. ‘पोलिटिकल फुटबॉल’ म्हणजे उलट, सगळ्यांना लाथ मारायची हौस, निवडणूक आली की मैदानात आणायचा. ‘किक्ड इंटू द लाँग ग्रास’ हे ब्रिटिश, समिती नेमून विषय गवतात टाकायचा म्हणजे दिसत नाही. ‘थर्ड रेल’ अमेरिकन, 1980 च्या दशकात तिकडच्या सोशल सिक्युरिटी पेन्शनबद्दल बोलताना रूढ झाला, हात लावाल तर मराल. पण मुंबईच्या माणसाला हे चित्र डोळ्यासमोर येत नाही कारण आपल्या लोकलची वीज डोक्यावरून येते, रुळाशेजारी विजेची तिसरी पट्टी बघायला कोलकाता नाहीतर बंगळुरूच्या मेट्रोत जावं लागतं. ‘एलिफंट इन द रूम’ म्हणजे सगळ्यांना दिसतंय पण कोणी बोलत नाही, आणि हा सीमाप्रश्नाला अजिबात लागू नाही, त्यावर तर सगळे बोलतातच. रिपोर्टमध्ये यातलं एखादं, तेही क्वचित. दोन चित्रं एका पॅरात आली की बटाटा गवतात जातो आणि वाचणारा हसतो.

संस्थांच्या रिपोर्टमध्ये अजून एक लाडका शब्द म्हणजे ‘विकेड प्रॉब्लेम’. हा दुष्ट वगैरे काही नाही. 1973 मध्ये होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कलीच्या दोघा प्राध्यापकांनी नगर नियोजनाबद्दल लिहिताना तो वापरला. त्यांचं म्हणणं, गणिताचा किंवा बुद्धिबळाचा प्रश्न कितीही अवघड असला तरी सुटला की सुटला हे कळतं. झोपडपट्टी, गुन्हेगारी, रस्ता कुठून न्यायचा, यात प्रश्न नेमका काय आहे यावरच एकमत नसतं, कुठे थांबायचं ते ठरलेलं नसतं, आणि उत्तर करून बघायला गेलं की परिस्थितीच बदलते, मागे फिरता येत नाही. हे सगळं लागू होत असेल तरच ‘विकेड’ म्हणा. मुंबईतलं पाणी तुंबणं कदाचित होईल. सीमाप्रश्न? मला नाही वाटत, कारण तिथे प्रश्न काय आहे हे दोघांनाही नीट माहितीये, ही गावं कुठल्या राज्यात, उत्तर फक्त दोघांचं वेगळं आहे. याच्याच शेजारी तत्त्वज्ञानातला एक शब्द आहे, ‘एसेन्शियली कंटेस्टेड’, डब्ल्यू. बी. गॅली यांनी 1956 मध्ये मांडलेला, म्हणजे लोकशाही, कला, सामाजिक न्याय असल्या कल्पना, ज्यांचा अर्थ काय यावरच वाद चालू राहणार आणि तो वाद हाच त्या कल्पनेचा भाग. सेमिनारमध्ये छान, गावांच्या यादीला नको.

इतका वेळ विशेषणांवर बोलले, पण माझ्या अनुभवात जास्त भांडणं नामावर होतात. इश्यू, प्रॉब्लेम, क्वेश्चन, डिस्प्यूट, रो, कॉन्फ्लिक्ट. ‘डिस्प्यूट’ म्हटलं की दोन पक्ष आले, दोघांचा दावा आला, आणि कुठेतरी तो सोडवणारा तिसरा असू शकतो हेही आलं. म्हणून काश्मीरबाबत पाकिस्तान ‘डिस्प्यूट’ म्हणतो, आणि भारत त्या शब्दाला जपून असतो. 1999 च्या लाहोर जाहीरनाम्यात दोघांच्या सह्या आहेत तिथे शब्द आहे ‘ऑल इश्यूज, इन्क्लुडिंग द इश्यू ऑफ जम्मू अँड काश्मीर’. किती शांत शब्द, आणि त्या शांतपणामुळेच दोन्ही बाजूंना सही करता आली. ‘प्रॉब्लेम’ म्हटलं की कोणाचा तरी दोष किंवा बिघाड आला. ‘रो’ हा हेडलाइनचा शब्द, तीन अक्षरं, जागा वाचते, उच्चार भांडणाच्या अर्थी ‘राव’ होतो. पण 1956 पासूनच्या गोष्टीला ‘रो’ म्हणणं म्हणजे कालपरवाची तू तू मैं मैं करून टाकणं, बातमीत ठीक, तुमच्या रिपोर्टमध्ये नको.

‘क्वेश्चन’ला जुना रुबाब आहे. एकोणिसाव्या शतकात ऑटोमन साम्राज्य ढासळायला लागलं तेव्हा युरोपातल्या दरबारांत ‘ईस्टर्न क्वेश्चन’ चालायचा, तिकडे आयरिश क्वेश्चन होता, डेन्मार्क आणि जर्मन राज्यांमधल्या वादाचा श्लेस्विग-होल्स्टाइन क्वेश्चन होता. या शेवटच्याबद्दल ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड पामर्स्टन म्हणाले असं सांगतात की तो फक्त तिघांना कळला होता, एक राजपुत्र अल्बर्ट, ते वारले, दुसरा एक जर्मन प्राध्यापक, त्याला वेड लागलं, आणि तिसरा मी, मी विसरलो. संयुक्त राष्ट्रांत आजही अधिकृत विषय ‘क्वेश्चन ऑफ पॅलेस्टाइन’ असाच आहे. ब्रिटनमध्ये 1977 पासून ‘वेस्ट लोथियन क्वेश्चन’ म्हणतात, वेस्ट लोथियनचे खासदार टॅम डॅलिएल यांनी लावून धरलेला, की स्कॉटलंडला वेगळी विधानसभा दिली तर स्कॉटिश खासदारांनी इंग्लंडच्या अंतर्गत गोष्टींवर मत का द्यायचं. यावर 2015 मध्ये एक नियम केला, 2021 मध्ये तो काढून टाकला, आणि प्रश्न परत जागेवर. आपला ‘सीमाप्रश्न’ शब्द नेमका याच घराण्यातला आहे, त्यामुळे ‘बॉर्डर क्वेश्चन’ म्हणायला हरकत नाही, फक्त भारतीय वाचकाला ‘बॉर्डर डिस्प्यूट’ जास्त ओळखीचा.

एक काळजी मात्र घ्या, ‘क्वेश्चन’च्या आधी समाजाचं नाव लावताना. युरोपात ‘ज्यूइश क्वेश्चन’ म्हणत म्हणत नाझींनी त्याचं ‘फायनल सोल्यूशन’ कुठे नेलं हे जगाला माहितीये, आणि एकदा एखाद्या समाजालाच प्रश्न म्हटलं की उत्तर काढायची भाषा मागून येतेच. अभ्यासकांच्या लिखाणात ‘दलित क्वेश्चन’, ‘विमेन्स क्वेश्चन’ चालतं, त्यामागे त्यांची परंपरा आहे. पण तुमच्या रिपोर्टमध्ये ‘द मराठी क्वेश्चन इन बेळगाव’ असं शीर्षक मी तरी बदलायला लावीन, ‘लँग्वेज राइट्स ऑफ मराठी स्पीकर्स’ केलं की विषयही नेमका होतो.

काळाचे शब्दही तपासा. ‘लाँग-स्टँडिंग’ नुसतं जुनं. ‘लाँग-पेंडिंग’ म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर पडून आहे, म्हणजे ज्याचं टेबल त्याच्यावर बोट. ‘प्रोट्रॅक्टेड’ म्हणजे लांबलेला, लांबवल्याचा वास. ‘पेरेनियल’ म्हणजे दर मोसमात उगवणारा, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासारखा. ‘आउटस्टँडिंग इश्यू’ म्हणजे उत्कृष्ट नाही हो, बाकी राहिलेला. आणि ‘फ्रोझन कॉन्फ्लिक्ट’ या शब्दाने तर मोठमोठ्यांना गाफील ठेवलं. आर्मेनिया आणि अझरबैजान ज्यावरून भांडत होते त्या नागोर्नो-काराबाखला 1994 च्या युद्धबंदीनंतर सगळे फ्रोझन म्हणत होते, जणू फ्रीजमध्ये ठेवलंय आणि कुठे जाणार नाही. प्रत्यक्षात सीमेवर माणसं मरतच होती, 2020 मध्ये पूर्ण युद्ध झालं, 2023 च्या सप्टेंबरमध्ये अझरबैजानने तो भाग ताब्यात घेतला आणि लाखावर आर्मेनियन लोक घरदार सोडून निघाले. थिजलेलं काही नव्हतं, बघणाऱ्यांनी बघणं सोडलं होतं.

याच्या उलट बाजूची चूकही होते, ज्यात वाद उरलेला नाही त्याला ‘डिबेटेड’ म्हणायची. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या 2021 च्या अहवालात शब्द आहे ‘अनइक्विव्होकल’, माणसामुळे वातावरण, समुद्र, जमीन तापलीय हे निर्विवाद. त्याच लोकांनी जिथे खात्री कमी तिथे मोजून शब्द ठरवलेत, ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान 90 टक्के. ही शिस्त मला फार आवडते. उपाय काय करायचा, पैसे कोणी द्यायचे, हे कंटेन्शस आहेच. पण तापमान वाढतंय का हे ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ लिहिलंत तर तुम्ही संपलेला वाद नव्याने चालू केलात. तुमच्या विषयातही असं आहे, 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा झाला, सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये अहवाल दिला, ही वादाची बाब नाही. तो अहवाल बंधनकारक आहे का, हा वाद.

आता मराठीतून विचार करून इंग्रजीत जाताना माझी एक युक्ती. ‘ज्वलंत’ सोडा आणि स्वतःला विचारा, घरी बोलताना मी याला काय म्हणेन. ‘भिजत घोंगडं’ म्हणालात तर अर्थ झाला कोणी निर्णयच घेत नाही, मग ‘लँग्विशिंग’ किंवा ‘लेफ्ट अनडिसायडेड’. ‘तिढा’ म्हणालात तर दोघेही अडून बसलेत, ‘इम्पास’, ‘डेडलॉक’. ‘कळीचा मुद्दा’ म्हणजे बाकी सगळं जमलं पण इथे गाडी अडली, ‘स्टिकिंग पॉइंट’. ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हणजे बैठका भरपूर, निष्पत्ती शून्य, याला शब्द शोधत बसू नका, किती बैठका झाल्या आणि काय ठरलं ते लिहा. ‘अवघड जागेचं दुखणं’ला मला अजून मनासारखं इंग्रजी सापडलेलं नाही, ‘डेलिकेट’ म्हटलं तर दुखणं जातं आणि ‘पेनफुल’ म्हटलं तर अवघड जागा जाते. आपल्या बोलण्यातल्या या शब्दांना कुठे अडलंय ते बरोबर माहीत असतं, छापील मराठीत आल्यावर आपण त्या सगळ्यांवर ‘ज्वलंत’चा एकच शिक्का मारतो.

तुमच्या रिपोर्टचं काय करायचं ते सांगते. पहिल्या परिच्छेदात एकदाच ‘वेक्स्ड’ किंवा ‘लाँग-स्टँडिंग डिस्प्यूट’, आणि मग विशेषणं बंद. त्याऐवजी घटना ओळीने येऊ द्या. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आजही त्या तारखेला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळतात. 1966 मध्ये निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला, आयोग म्हणाला बेळगाव आहे तिथेच राहू दे, महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटक म्हणतं तोच शेवटचा शब्द. 2004 मध्ये महाराष्ट्राने घटनेच्या कलम 131 खाली सुप्रीम कोर्टात दावा लावला. कर्नाटकाचं म्हणणं की राज्यांच्या सीमा हा संसदेचा अधिकार. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री घेऊन समिती ठरली, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने ठराव केला. हे वाचल्यावर कोणाला ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ सांगायची गरज पडत नाही. कोर्टातल्या भागाबद्दल लिहिताना ‘पेंडिंग’ किंवा ‘सब ज्युडिस’, आपला न्यायप्रविष्ट, दोन्ही बाजूंना चालणारे शब्द आहेत.

गावाचं नाव हाही शब्दच आहे. 2014 पासून अधिकृत इंग्रजी स्पेलिंग ‘बेलगावी’च्या अंगाने जातं, आधीच्या सगळ्या कायद्यांत, अहवालांत ‘बेलगाम’ आहे, आणि मराठी माणूस बेळगावच म्हणणार. उत्तर आयर्लंडमध्ये एकाच शहराला डेरी म्हणालात की लंडनडेरी यावरून बोलणारा कोण ते ओळखतात, फॉकलंड बेटांसाठी संयुक्त राष्ट्रं माल्विनास हे अर्जेंटिनाचं नावही सोबत छापतात. तुम्ही कागदपत्रातून उतरवताना त्या कागदातलं स्पेलिंग ठेवा, स्वतःच्या वाक्यात अधिकृत वापरा, आणि पहिल्या पानावर तळटीप द्या की हे का केलंय.

आणि तो 865 गावांचा आकडा. तुम्ही ‘865 डिस्प्यूटेड व्हिलेजेस’ लिहिलंय. कर्नाटकाचं म्हणणंच असं आहे की महाजन अहवालानंतर डिस्प्यूट शिल्लकच नाही, म्हणजे त्या एका विशेषणात तुम्ही बाजू घेतलीत. ‘महाराष्ट्र क्लेम्स 865 व्हिलेजेस’ करा. दावा आहे हे तर कर्नाटकही नाकारत नाही.